शेवटचं प्रकरण माझ्या कपाटात

आमच्या घरात पुस्तकं वाचणारी मी एकटीच. पंचवटीच्या पुढे मळ्यातच आमचं घर आहे, झेंडू आणि शेवंतीची शेती. पहाटे फुलं बाजारात गेली, स्वयंपाक आवरला, की दुपार माझी. लायब्ररीतली जुनी रहस्यकथा घेऊन मी ओसरीवर बसायचे.

मला घाई नसायची. शेवटचं प्रकरण आलं की मी पुस्तक मिटायचे आणि चहा टाकायचे. कप हातात घेऊन गोष्टीतल्या एकेकाला मनात उभं करायचे. हा खोटं का बोलला? तिने खिडकी कशाला उघडली? खुनी ठरला की मगच पान उलटायचं. ओळखला तर आनंद, फसले तर त्याहून जास्त आनंद. सगळ्या पुस्तकाची गोडी त्या एका कपात असायची.

ती गोडी माझ्या थोरल्या दिरांनी नासवली. मी चहा टाकायला आत गेले की भाऊजी पुस्तक उचलायचे, शेवटची दोन पानं चाळायचे आणि मी बाहेर येताच म्हणायचे, "डॉक्टरनं मारलं गं. उगं डोकं नको शिणवू." वर हसायचे. एकदा नाही, दरवेळी. मी पुस्तक तांदळाच्या डब्यात लपवलं, तर तिथूनही शोधून काढलं आणि पाहुण्यांसमोर पंगतीत खुनी जाहीर केला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चेष्टा करतो गं तो. मनावर काय घेतेस?"

मी मनावरच घेतलं होतं. पण थोरल्या दिरांना उलट बोलायची आमच्या घरात रीत नाही. म्हणून संधीची वाट पाहिली.

गेल्या उन्हाळ्यात भाऊजी स्कूटरवरून घसरले. पाय प्लास्टरमध्ये, दिवसभर खाटेवर. मोबाइल बघून डोळे दुखायला लागले तेव्हा मला हाक मारली, "तुझं एखादं पुस्तक दे गं."

माझ्या स्वतःच्या मालकीची एक जाडजूड कादंबरी होती, रद्दीवाल्याकडून आणलेली. थंड हवेच्या गावी एका वकिलाचा खून होतो, अशी गोष्ट. हार करताना दोरा कापायचं ब्लेड घेतलं आणि शेवटचं प्रकरण मुळापासून कापून काढलं. पानं कपाटात लग्नाच्या शालूखाली ठेवली आणि पुस्तक भाऊजींच्या हातात दिलं.

त्यांनी आधी शेवटच उघडला. "याचा शेवट कुठंय?"

"जुनं पुस्तक आहे भाऊजी. पानं सुटतात."

मग काय करतात? नाइलाजाने पहिल्या पानापासून सुरुवात केली. दोन दिवसांनी जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हाक मारली तरी ओ देत नाहीत." मी ताट घेऊन गेले तर भाऊजी पानात बोट घालून छताकडे बघत बसलेले. "हा भाचा लय गोड बोलतो. मला नाय पटत." तो चेहरा मी ओळखला. वाचताना माझा होतो, अगदी तसाच. माणूस पुरता अडकला होता. मला दया आली नाही, बरंच वाटलं.

पुस्तक संपलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तू वाचलंय ना? कोण हाय खुनी?"

"सांगितलं तर मजा जाईल, भाऊजी."

"मजा गेली चुलीत! ती नर्स ना?"

"असेल."

"मग पाऊस असताना तिची छत्री कोरडी कशी?"

"तेच तर," म्हटलं, आणि डाळ लागेल म्हणून आत गेले. तोंडात पदर कोंबून पोटभर हसून घेतलं.

त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फोन लावले. नांदगावला दिलेल्या आपल्या लेकीला इंटरनेटवर शोधायला लावलं. कुठे मिळेना. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना खाटेभोवती बसवून, कुबडीने हवेत रेघा ओढत, भाच्यानेच खून कसा केला ते समजावून सांगितलं. मांडणी झकास होती. उत्तर चूक होतं. बोलताना नजर मात्र सारखी माझ्या तोंडाकडे. मी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

"बरोबर का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"जेवायला बसा," मी म्हणाले.

प्लास्टर निघालं, भाऊजी चालायला लागले, पण तो खुनी काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. नांदगावला नातवाच्या बारशात त्यांनी व्याह्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "हिला ठाऊक हाय, पण सांगत नाय." सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी जिलेबीचा तुकडा मोडला आणि सावकाश खाल्ला. इतकी गोड जिलेबी मी जन्मात खाल्ली नव्हती.

त्या रात्री घरी जेवताना नवरा म्हणाला, "कपाटातली पानं मी पाहिलीत. देऊन टाक आता. वय झालं त्याचं."

"बघू."

"बघू काय? उद्या त्याला काही झालं तर?"

"तर ती पानं दहाव्याला पंचवटीत गंगेवर नेईन," मी म्हणाले. "कावळा शिवला नाही, तर पिंडासमोर वाचून दाखवीन."

त्याला घास लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि भाकरी वाढली.