डोमाजींचा चढा गंधार

पेटी दुरुस्त करायला बसले की डोमाजी आधी तंबोरा छेडत आणि डोळे मिटून इतका वेळ बसत, की घरच्यांना वाटे, माणूस झोपला. मी तेव्हा गोंदियाच्या शाळेत गणित शिकवत होतो. माझी कलकत्त्याची नवी पेटी त्यांनी पहिल्यांदा पाहिली, तेव्हाही असेच बसले. मग म्हणाले, "गुरुजी, गंधार चढून राहिला."

"कारखान्यातून आत्ताच आलीय," मी जरा घुश्शातच म्हणालो.

"तं कारखान्यातच चढला असंन. आयका."

त्यांनी खर्जाची तार छेडली. सा विरत गेला आणि त्याच्या पोटातून, कुणी न वाजवलेला, एक गंधार उमटला. धानाच्या बांधीपलीकडून कुणी हळू हाक मारावी तसा. "तार आपणच बोलते. आपण फक्त आयकाचं," डोमाजी म्हणाले. मग त्यांनी पेटीचा गंधार दाबला. दोन आवाज एकमेकांत मिसळेनात, हवेत लाटा उठू लागल्या. त्यांनी पितळी पट्टी काढली, बुडाशी कानस फिरवली, परत बसवली. लाटा मंदावल्या, मग थांबल्या. ती दुपार मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारखी आठवते.

पुढे ते मुर्रीहून, त्यांच्या गावाहून, अधूनमधून येत राहिले. एकदा चहा घेताना आपणहून बोलले. "माहा सा काळी एक, बायकोचा पांढरी चार, म्हंजे माह्या गंधारावरच. एकाच पेटीवर दोघायचे गंधार गोड लावाचे होते. किती पट्ट्या मोडल्या, जमलं नाई. माहा हातच खोटा हाय." मग म्हणाले, "एक दिस रागात तिले म्हटलं, तुहा गंधार उतरते. पेटीवर तसंच वाटे. दहा वर्सं झाली, तिनं गाणं सोडलं."

मी पाटी घेतली. गोड गंधार सा'च्या सव्वापट. त्या गंधाराला सा धरून पुढचा गंधार, त्यावर आणखी एक. तीन पायऱ्यांत वरचा सा यायला हवा, म्हणजे दुप्पट. पण सा चौसष्ट धरून सव्वाने तीनदा गुणला की येतात एकशे पंचवीस. दुप्पट व्हायला हवेत एकशे अठ्ठावीस. तीन कमीच पडतात. कारखान्यात ते तीन सगळ्या पायऱ्यांवर वाटून टाकतात, म्हणून प्रत्येक गंधार थोडा चढतो.

"कितीबी कानसलं तरी?"

"कितीही."

"अन् तिचा गंधार?"

"खरा होता. पेटी तुमच्या सा'वर लावलेली. तुम्ही ते तीन वाटले नाहीत, म्हणून तिन्ही तिच्या गंधारावर येऊन पडले. पेटी चढली, आणि तुम्हाला वाटलं ती उतरली."

डोमाजी चहाचा कप खाली ठेवून उठले. मग म्हणाले, "मुर्रीले चला. मी सांगितलं तं तिले खरं वाटाचं नाई."

सगुणाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचं सूप थांबलं नाही. "हिसेब मले समजत नाई, गुरुजी. माहा गळा बरोबर होता, हे मले ठाऊकच होतं."

"मंग सोडलं काऊन?" डोमाजींनी विचारलं.

"तुमी पेटीचं आयकलं. माहं नाई."

डोमाजी आत गेले आणि तंबोरा घेऊन आले. पेटी आणली नाही. खुंट्या पिळून पिळून त्यांनी तारा तिच्या पांढरी चारला लावल्या आणि छेडत बसले. सगुणाबाईंनी सुपातले तांदूळ संपवले, हात पदराला पुसले आणि गायला लागल्या. आवाज खरखरीत झाला होता. पण गंधारावर आल्या तेव्हा तंबोऱ्यातून आलेला सूर कोणता आणि गळ्यातला कोणता, ते मला वेगळं करता येईना. डोमाजींची मान खाली होती. मी निरोप न घेताच निघालो.

देश स्वतंत्र झालेला डोमाजींनी पाहिला नाही. ते गेल्यावर मी मुर्रीला भेटायला गेलो. सगुणाबाई म्हणाल्या, "मागची पाच वर्सं दिवस कलला का थे तंबोरा घेऊन माह्यासमोर बसत. मी गाणं गावाची, थे आयकाचे."

"काही बोलत नसत?"

"नाई. फक्त माहा गंधार लागला का थे म्हणत, हलू नोको, तिथंच राय."