टपावरचा तंबू घेताना आम्ही आधी शिडी पाहिली

अकोल्यात जठारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. माझी बायको सुषमा सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती. तिला कंपवात असल्याचं कळून मागच्या डिसेंबरात तीन वर्षं झाली. त्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि आता जिना चढताना कुणीतरी सोबत असू द्या, असं सांगितलं. परत येऊन घराच्या फाटकाशी गाडी थांबवली तेव्हा ती म्हणाली, "गाडीवर तंबू लावू. मले उंचावर झोपायचं आहे."

टपावरचे तंबू तिनं मोबाइलवर पाहिले होते: डोंगराच्या कडेला गाडी उभी, वर पेटीसारखं काही उघडलेलं, शिडी लावलेली. जिना जपून चढा असं सांगून तासही झाला नव्हता आणि ही शिडीची गोष्ट करत होती. पण नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. आमचं फिरणं कायम पुढे ढकललं गेलं होतं. आधी माझ्या आईचं अंथरूण, मग मुलीची बारावी, मग दुकानाचा नवा गाळा. चिखलदरा आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत तिथे आम्ही एकदाच गेलो, तेही तिच्या शाळेच्या सहलीसोबत, चाळीस मुलं मोजत.

जानेवारीतल्या एका गुरुवारी निघालो. आमचं वेळापत्रक तिच्या गोळ्यांवर चालतं. गोळी घेतल्यावर पाऊण तासानं पाय मोकळे होतात आणि तीन तास बरे जातात. पुढची गोळी चुकली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. म्हणून सकाळी आठची गोळी घेऊन निघालो, मूर्तिजापूरला चहा आणि कचोरी झाली आणि अकराच्या आत अमरावती गाठली. रस्ता चौपदरी आहे, शंभरेक किलोमीटर, काही त्रास नाही. परतवाड्याला अकोटवरून जाणं आम्हाला जवळ पडलं असतं, पण तंबू अमरावतीत होते.

बडनेरा रोडला देवेंद्र नावाच्या माणसाचं वर्कशॉप आहे. तो असे तंबू विकतो, भाड्यानंही देतो. घेण्याआधी दोन दिवस वापरून पाहा, असं तो स्वतःच म्हणतो. माझा वाचकांनाही हाच सल्ला आहे, कारण दुकानात उभं राहून तंबू कळत नाही.

त्याच्याकडे तीन प्रकार होते. पहिला कापडी, घडीचा. स्वस्त आणि आत ऐसपैस, पण उघडायला शिडी धरून अख्खा तंबू ओढावा लागतो आणि बंद करताना दोघांचा जोर लागतो. दुसरा कडक पेटीचा, एका बाजूनं वर उचलला जाणारा. दोन खटके काढले की आपोआप उघडतो, पण पायाकडे अगदीच बुटका. तिसराही पेटीचाच, मात्र चारही बाजूंनी सरळ वर जाणारा, आत बसता येईल असा. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. एक चांगली मोटरसायकल येईल तेवढी.

देवेंद्रनं मला कामाच्या गोष्टी सांगितल्या. चालत्या गाडीचा टप किती वजन पेलतो हे गाडीच्या पुस्तकात पाहायचं. तंबू साठ किलोच्या आसपास, आडव्या दांड्यांचं वजन वेगळं. गाडी उभी असताना टप बराच जास्त भार सोसतो, म्हणून दोन माणसं झोपल्यानं काही होत नाही. हायवेला वाऱ्याचा आवाज येतो, डिझेल जास्त जातं आणि कमी उंचीच्या पार्किंगमध्ये गाडी शिरत नाही. मी कापडाचं, पाण्याचं, चेनचं विचारत होतो. सुषमा फक्त शिडी पाहत होती. तिन्ही शिड्यांच्या पायऱ्या तिनं हातानं चाचपल्या. पहिल्या दोन गोल नळ्यांच्या होत्या, पायाला रुतणाऱ्या. तिसरीच्या पायऱ्या चपट्या आणि रुंद, आणि ती जरा तिरकी लावता येत होती. सात पायऱ्या.

देवेंद्रनं तिचा थरथरणारा हात पाहिला होता. मला बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, वहिनींसाठी जमिनीवरचा मोठा तंबू बरा नाही का होणार? मलाही तेच वाटत होतं. पण तिनं ऐकलं.

"जमिनीवर तर मी रोजच झोपते, दादा," ती म्हणाली.

तिसरा तंबू गाडीवर चढला.

दुपारी परतवाड्याकडे निघालो, पन्नासेक किलोमीटर. एक गोष्ट लक्षात ठेवा: मेळघाटच्या जंगलात कुठेही गाडी लावून झोपता येत नाही आणि तसं करूही नये. ओळखीनं किंवा परवानगीनं कुणाच्या शेतातच थांबावं. देवेंद्रनं परतवाड्याच्या अलीकडे त्याच्या मावशीचा संत्र्याचा बगीचा सांगितला होता. मावशीचं नाव वत्सलाबाई, साठीच्या, कमरेला पदर खोचलेल्या. त्यांनी जागा दाखवली, पाणी दाखवलं आणि जेवायला गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे होतील असं सांगून टाकलं. पैशांचं विचारलं तर त्या ऐकू न आल्यासारख्या चालू लागल्या.

गोळी घेऊन पाऊण तास झाल्यावर, उन्हं उतरायच्या आत, सुषमा शिडी चढली. मी मागे हात पसरून उभा. एकेक पायरी, प्रत्येकीवर दोन्ही पाय टेकवत. वर पोचल्यावर ती आत सरकली. मी वर गेलो तेव्हा ती पालथी पडून उत्तरेची खिडकी उघडून पाहत होती. झाडांच्या शेंड्यांवरून सातपुडा दिसत होता. फळ्यावर खडूनं किती वेळा काढला असेल मी हा, असं ती म्हणाली. मग गाविलगडाची रांग कुठे सुरू होते ते तिनं मला बोटानं दाखवलं. बोट थरथरत होतं, म्हणून मला नेमकी जागा कळली नाही. मी कळली म्हणालो.

रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण जेवून लवकर झोपलो.

सकाळची चूक माझी. थंडीत आतल्या श्वासानं कापडाला पाणी सुटतं, उशा दमट होतात, हे मला माहीत होतं. म्हणून कोरडे कपडे वर नेले होते. पण गोळ्या आणि पाण्याची बाटली खाली गाडीत राहिली. सहाची गोळी घेतलीच गेली नाही. सुषमाला बाथरूमला जायचं होतं. मी आधी उतरलो. तिनं पाय खाली सोडले, दोन पायऱ्या उतरली आणि तिसरीवर थांबली. पाय पुढे जाईना. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेली, तोंड गाडीकडे.

मी खालून म्हणालो, ये. मग म्हणालो, एकच पायरी उतर. मग माझा आवाज चढला. तिला घाई कर म्हणालो, पडशील म्हणालो. मला तिच्या पडण्याची भीती वाटत होती आणि ती भीती रागासारखी बाहेर आली. ती रडायला लागली. कंपवाताचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती. शेवटी तिचे कपडे भिजले. ती तशीच शिडीवर उभी होती आणि मला तिच्याकडे पाहवत नव्हतं.

वत्सलाबाई बादली घेऊन येत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली.

"साहेब, तुमी जरा बाजूले व्हा," त्या म्हणाल्या. मग शिडीजवळ जाऊन सुषमाला सांगितलं, "बाई, खाली नका पाहू. माह्या हाताचा आवाज येईन, तिथंच पाय ठेवा."

त्यांनी तिच्या खालच्या पायरीवर तळहातानं थाप मारली. थोडं थांबल्या. पुन्हा मारली. सुषमाचा उजवा पाय सुटला आणि त्या पायरीवर आला. मग डावा. वत्सलाबाईंचा हात त्याखालच्या पायरीवर गेला. त्यांच्या सासूबाई म्हातारपणी संत्री तोडताना शिडीवर अशाच अडकायच्या, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. घाई केली की पाय आणखी धरतो म्हणाल्या. सुषमाला त्यांनीच आत नेलं, गरम पाणी दिलं आणि आपलं एक लुगडं नेसायला दिलं. मी गाडीजवळ उभा राहून शिडी पुसत होतो.

त्या दिवशी चिखलदऱ्याला गेलो. परतवाड्याहून घाट तीसेक किलोमीटर, वळणं बरीच. टपावर वजन असल्यानं सावकाश चालवा. वर खवा चांगला मिळतो. देवी पॉइंटच्या अलीकडे एका बाकावर आम्ही दोन तास बसलो. समोर दरी होती, ऊन होतं. मी म्हणालो, मी सकाळी ओरडलो. ती हो म्हणाली. तेवढंच.

मला वाटलं होतं, आता ती हॉटेल घे म्हणेल. संध्याकाळी बगीच्यात परत आलो तर ती गोळीची वेळ पाहून आधी शिडीपाशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या सकाळी गोळ्या आणि पाणी माझ्या उशाशी होतं. ती उतरताना मी खालून थापा मारल्या. मला वत्सलाबाईंसारखं जमलं नाही, मी फार लवकर मारत होतो. तिनं मला वरून हळू मारायला सांगितलं. सात पायऱ्यांना दहा मिनिटं लागली.

शनिवारी अमरावतीत तंबू परत करायला गेलो. मी देवेंद्रला सांगत होतो, घरी जाऊन विचार करतो, मुलीशी बोलतो, उन्हाळ्यापर्यंत कळवतो. सुषमा गाडीतूनच बोलली.

"तुमच्याजवळ विचार करायले टाइम आहे. माह्याजवळ नाई."

देवेंद्र खाली पाहत पक्कड पुसू लागला. तंबू गाडीवरून उतरलाच नाही.

बरेच जण मला विचारतात, घेतल्यावर किती वापरला? चार वेळा. फेब्रुवारीत दोनदा वत्सलाबाईंकडे, एकदा नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी एका ओळखीच्या शेतात, आणि एप्रिलमध्ये एकदा, गरमीत, पुन्हा बगीच्यात. एप्रिलमध्ये ती चढली पण उतरताना मला आणि वत्सलाबाईंना तिला धरून खाली घ्यावं लागलं. जूनमध्ये ती घरात मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता ती वॉकर धरून हॉलपर्यंत येते. शिडीचा विषय संपला.

तंबू विकून टाका, हेही तीच म्हणाली. पडून पडून कापड सडेल. मी जाहिरात टाकली. दिवाळीनंतर भातकुलीकडचं एक जोडपं पाहायला आलं, तो शिक्षक, ती नर्स, लग्नाला वर्षच झालेलं. सुषमाला मी घरापुढच्या ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं. तिचा आवाज आता बारीक झाला आहे, पण तिनं त्या मुलीला जवळ बोलावून सगळं नीट शिकवलं: परत आल्यावर कापड उन्हात सुकवायचं, चेनला मेण लावायचं, पाणी उशाशी ठेवायचं. मुलगी शिडी चढून आत जाऊन आली. नवऱ्याला तंबू पसंत पडला होता. त्यानं मला देण्याघेण्याचं विचारायला सुरुवात केली, तेव्हा सुषमानं विचारलं, "कधी जाता?"

"बघू काकू," तो म्हणाला. "दोघांच्या सुट्ट्या जुळल्या का जाऊ."

"मंग नाई देत."

तो हसला. सुषमा हसली नाही, तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्या मुलीनं फोन काढला, ड्यूटीचा तक्ता पाहिला, नवऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलली आणि सुषमाच्या खुर्चीजवळ येऊन म्हणाली, "या शनिवारी जातो काकू. नक्की."

सुषमानं मान हलवली. चार बोल्ट काढून आम्ही तंबू त्यांच्या गाडीवर चढवला.

शनिवारी संध्याकाळी मी तिला गोळी देत होतो. तिनं विचारलं, "गेले असतीन का हो ते?"

माझ्याकडे त्यांचा नंबर होता. मी फोन लावला नाही.

"गेले," मी म्हणालो.