भट्टीवरच्या बेचाळीस स्लाइड्स

पुणे-सातारा रस्त्यावर वरव्याजवळच्या आमच्या कारखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागले होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी तो माझ्यासमोर ठेवला, कारण टायपिंग येणारी मी एकटीच होते. त्यात प्रेझेंटेशन करायचं सॉफ्टवेअर होतं. कुणी शिकवलं नाही, मीच चाचपडत शिकले. वर्षभरात अशी वेळ आली की दर महिन्याच्या मीटिंगआधी प्रत्येक खात्याचा माणूस आपले आकडे कागदावर लिहून माझ्याकडं यायचा आणि शेजारी खुर्ची ओढून बसायचा.

चौकटी काढायला, रंग भरायला वेळ लागायचा, आणि रिकामा बसलेला माणूस बोलतोच. स्टोअरवाल्यांच्या मुलीचं लग्न कुठं अडलंय, मेन्टेनन्सच्या साहेबांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं, सगळं मला ठाऊक असायचं. मी पडद्याकडं बघत ‘हं, हं’ करायची. त्यांना तेवढं पुरायचं. मलाही पुरायचं, हे मात्र मला तेव्हा कळलं नव्हतं. मी भोरला नदीकडच्या आळीत दोन खोल्यांत राहत होते. आई होती तोवर घरात कुणीतरी वाट बघणारं होतं. ती गेल्यावर संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरलं की दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं ‘कुठं?’ विचारेपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

मग एका वर्षी, मला वाटतं दोन हजार आठ असावं, कंपनीनं सगळ्या खात्यांना नवे कॉम्प्युटर दिले. त्यांवर सगळं नवं होतं, प्रेझेंटेशनचं सॉफ्टवेअरसुद्धा. एका दुपारी पुण्याहून शिकवायला एक जण आले. कॅन्टीनमध्ये पडदा लावून त्यांनी ते उघडून दाखवलं आणि मी बघतच राहिले. वरची ओळखीची ओळ, फाइल, एडिट, व्ह्यू, पार नाहीशी झाली होती. तिच्या जागी चित्रांचा एक रुंद पट्टा होता आणि डाव्या कोपऱ्यात एक गोल बटण. दहा वर्षं माझी बोटं न बघता जिथं जात होती, तिथं आता काहीच नव्हतं.

मी विचारलं, “पण फाइल कुठंय?”

ते हसून म्हणाले, “मॅडम, आधी जुनं विसरा. मग सोपं जाईल.”

सगळे हसले. वाईट हेतूनं कुणी हसलं नाही. त्या दुपारी सगळ्यांनाच एकसारखं काही येत नव्हतं, म्हणून सगळेच खूश होते. फक्त मला आधी येत होतं.

ज्यांना जुनं काही येतच नव्हतं ती माणसं चार दिवसांत शिकली. पुढच्या मीटिंगच्या आठवड्यात मी सकाळी टेबल पुसून, शेजारची खुर्ची सरळ करून बसले. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच उठून क्वालिटी खात्यात गेले. तिथल्या इंजिनिअर मुलीला म्हटलं, “द्या, तुमचे चार्ट करून देते.”

“कशाला त्रास घेताय मॅडम? माझं मी केलंय,” ती म्हणाली आणि मला दाखवलं. चांगलं केलं होतं. मी म्हणाले, “छान झालंय,” आणि परत येऊन जागेवर बसले.

काम नव्हतं असं नाही. पत्रं होती, गेटपास होते. पण त्या कामाला शेजारी कुणी बसत नाही. उरलेल्या वेळात मी नवं सॉफ्टवेअर शिकायला लागले. सरावाला माझ्याकडं विषय नव्हता, म्हणून भोर-स्वारगेट गाड्यांच्या वेळा घेतल्या. त्या एकदा टेबलात मांडल्या, एकदा निळ्या चौकटींत, एकदा एकामागून एक सरकत येतील अशा. पाच प्रकार झाले. दाखवायला कुणी नव्हतं. मी ती फाइल बंद केली, आणि ‘सेव्ह करायची का’ विचारलं तेव्हा ‘नाही’वर टिचकी मारली.

असे दोनेक महिने गेले असतील. एके सकाळी लोखंडी माल तापवून कडक करतात त्या हीट ट्रीटमेंट खात्याचे मामा आले. ते भट्टीवरचे सुपरवायझर, वेल्ह्याकडचे. रिटायर व्हायला थोडे महिने राहिले होते. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. ते खुर्चीत बसले नाहीत, टोपी हातात धरून उभेच राहिले.

“मॅडम, माजं समदं बिघाडलं ओ. मराटीचं इंग्रजी झालंय.”

त्यांच्या गटानं भट्टीवरच्या एका अडचणीचा छडा लावला होता. सोमवारी सकाळच्या पहिल्या लॉटमधल्या मालाला बारीक चिरा जायच्या. का जातात हे कुणाला सापडत नव्हतं. मामांनी सहा महिने रोज वहीत लिहून ठेवलं आणि शोधलं, की रविवारी भट्टी बंद असते, तापलेला माल ज्यात बुडवतात ते टाकीतलं तेल थंड पडतं, आणि लालभडक माल त्या थंड तेलात पडला की तडकतो. त्याचं प्रेझेंटेशन मीच जुन्या कॉम्प्युटरवर करून दिलं होतं, बेचाळीस स्लाइड्स, सगळं मराठीत. आता ते पुण्यात, बऱ्याच कारखान्यांच्या स्पर्धेत दाखवायचं होतं. पण नव्या कॉम्प्युटरवर आमचा जुना मराठी फॉन्ट नव्हता. फाइल उघडली की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसायचा.

“पोरं म्हनली, इंग्रजीतच करून देतो नवं. पर म्या बोलनार मराटीत आन् पडद्यावर इंग्रजी? मलाच कळायचं न्हाई काय लिवलंय ते.”

“बसा मामा,” मी म्हणाले. “सगळं परत टाइप करू.”

नव्या मराठीचा कीबोर्डही वेगळा होता. टाइपरायटरपासून वीस वर्षं जिथं ‘क’ होता तिथं दुसरंच काही उमटायचं. ‘ळ’ सापडायला मला अर्धा दिवस लागला. पाच दिवस दुपारच्या सुट्टीनंतर मामा यायचे, वही उघडून वाचून दाखवायचे, मी एकेक अक्षर शोधत टाइप करायची. मी हळू होते म्हणून ते बोलत राहायचे. भट्टीच्या रंगावरून ती किती तापलीय हे कसं ओळखायचं, लहानपणी ते गावाहून नसरापूरला शाळेसाठी कसे चालत यायचे, धाकटा मुलगा त्यांच्याशी बोलत का नाही. एकदा मी विचारलं, की थंड तेलाचं तुमच्या डोक्यात आलं तरी कसं?

“त्यात काय? न्हानग्या पोराला गार पान्यात घातलं तर दचकतंयच की. लोखंडाचं बी तसंच.”

मी हसले. किती दिवसांनी हसले होते कुणास ठाऊक. आणि त्याच वेळी मनात आलं, आज स्लाइड सव्वीस झाली, आता सोळाच उरल्या. मी आणखी हळू टाइप करायला लागले. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी कंपनीच्या गाडीतून आम्ही पुण्याला गेलो. मामा, त्यांच्या गटातले चौघं आणि मी. मला नेलं, कारण मामा साहेबांना म्हणाले होते, “मॅडम बटन दाबाय न्हाईत तर मी बोलनार न्हाई.” मी आईची मोतिया रंगाची साडी नेसले होते.

मोठा हॉल होता. आमचा नंबर आला, मी स्टेजच्या बाजूला ठेवलेल्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला. फाइल दिसली, पण उघडेना. पुन्हा टिचकी मारली, पुन्हा तोच निरोप आला, की ही फाइल ओळखता येत नाही. मी नीट पाहिलं. वर तीच ओळखीची ओळ होती, फाइल, एडिट, व्ह्यू. त्यांच्याकडं जुनंच सॉफ्टवेअर होतं. नव्यातली फाइल जुन्यात उघडायची असेल तर ती वेगळ्या प्रकारे सेव्ह करावी लागते, हे त्या पुण्याच्या गृहस्थांनी कॅन्टीनमध्ये सांगितलं होतं. मी वहीत उतरवूनही घेतलं होतं. आणि विसरले होते.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. संयोजकांपैकी एक बाई खाली वाकून म्हणाल्या, “दुसरी कॉपी आहे का?” मी मान हलवली. मामा स्टेजवरून माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले.

“मामा, उघडत नाही. माझी चूक झाली.”

त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मॅडम. तुमी बसा.”

आणि ते बोलले. वही उघडलीच नाही. मागं पांढरा पडदा, त्याच्यापुढं टोपी घातलेले मामा, हातानं हवेत टाकी दाखवतायत, माल वर काढतायत, तो असा धरून चीर कशी बघायची ते दाखवतायत. गार पाण्यातल्या लहानग्या पोराचं सांगितलं तेव्हा अख्खा हॉल हसला. परीक्षकांनी प्रश्न विचारले, त्यांना त्यांनी तारीखवार उत्तरं दिली. पाच दिवस माझ्याशेजारी बसून सगळं वाचून दाखवलं होतं, त्यामुळं पाठ झालं असावं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर ते त्यांना आधीपासूनच पाठ असणार. सहा महिने रोज त्यांनीच लिहिलं होतं.

पहिलं बक्षीस मिळालं. गटाचा फोटो काढला तेव्हा मामांनी मला हाक मारली, “मॅडम, या की.” मी म्हणाले, “नको, तुम्ही घ्या काढून,” आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत खाली उभी राहिले. मला खूप आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. बेचाळीस स्लाइड्सपैकी एकही कुणी पाहिली नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही.

परतताना गाडीत कुणी मला काही बोललं नाही. मामा एवढंच म्हणाले, “मनाला लावून घिऊ नका.”

थोड्या महिन्यांनी ते रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना म्हणाले, “गावाकडं या.” असं सगळेच म्हणतात. पण मी धरून बसले. दिवाळीनंतरच्या एका रविवारी चकल्यांचा डबा घेऊन निघाले. भोरहून चेलाडी फाटा, तिथून वेल्ह्याची गाडी. मार्गासनीच्या पुढं उतरून आत चालत गेले. भाताची कापणी उरकली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती.

घर माणसांनी भरलेलं होतं. मुलं, सुना, नातवंडं, शेजारची माणसं. मामा उघड्या अंगानं, खांद्यावर पंचा टाकून खळ्यावरून आले. मला बघून दचकलेच. “या, या मॅडम,” म्हणाले आणि घाईनं सदरा चढवून आले. मग समोर बसले. मला काही सुचेना. त्यांनाही. मी भट्टीवर नवे सुपरवायझर आल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “व्हय का.” मी क्वालिटीतल्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं.” तेवढ्यात बाहेरून कुणी हाक मारली आणि ते उठले. “तुमी जेवून जायचं,” असं सांगून जे गेले ते गेलेच.

जेवायला मला आत नेलं. मामी भाकरी करत होत्या. सुना वाढून बाहेर गेल्या तशा मामी तव्याकडं बघत म्हणाल्या,

“तुमच्यापाशी लई बोलायचे म्हनं हे. गटातल्या पोरांनी सांगितलं. दुपारभर बोलत बसायचे.”

“कामाचंच असायचं हो,” मी म्हणाले.

“हितं सबूद काडत न्हाईत. चाळीस वरसं झाली. आता घरात हायेत तरी तसंच.” त्यांनी भाकरी उलटली. “काय बोलायचं ओ ते?”

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी घास हातात धरून बसले. चालत शाळेला जायचं सांगायचे, मुलाची काळजी सांगायचे, हे या बाईला कसं सांगू? तिच्या हक्काचं काही मी घेऊन बसले होते, असं वाटलं.

“भट्टीचं,” मी म्हणाले. “भट्टीचंच सगळं.”

“असंल,” त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

निघताना त्यांनी घरच्या तांदळाची पिशवी दिली. मामा रस्त्यापर्यंत पोचवायला आले. एसटी येईपर्यंत आम्ही दोघं झाडाखाली गप्प उभे होतो. मध्ये पडदा नाही, वही नाही, टाइप करायला काही नाही. गाडी दिसल्यावर ते म्हणाले, “नवीन ते जमतंय का आता?”

“जमतंय,” मी म्हणाले.

“मंग झालं.”

खिडकीशी जागा मिळाली. मला वाटलं होतं मी दुखावले असेन, पण तसं नव्हतं. आपण एकटे आहोत म्हणजे आपल्याच वाट्याला काही कमी आलंय, अशी माझी समजूत होती. त्या भरल्या घरातल्या चुलीपाशी ती थोडी हलली, एवढंच. त्यानं माझं घर काही भरलं नाही.

पुढची सहा-सात वर्षं मी तिथंच काम केलं. नवं सॉफ्टवेअर मला चांगलं यायला लागलं, मग त्याचीही पुढची आवृत्ती आली. शेजारी येऊन कुणी बसलं नाही. दुपारच्या सुट्टीत मात्र मी डबा घेऊन मशीनवर काम करणाऱ्या बायकांत जाऊन बसायला लागले. पहिले काही दिवस मी आले की त्या बोलायच्या थांबायच्या. मी तरी जात राहिले.