गॅसवालीचं मागचं बाकडं

समुद्रपूर ते हिंगणघाट या रस्त्यावर एक बस धावायची. तिला सगळे गॅसवाली म्हणत. ती मुळात सिटी बस. मोठ्या शहरात वापरून काढलेली, मग एका खाजगी मालकानं घेऊन आमच्या रस्त्यावर टाकलेली. सीएनजीवर चालायची. इंजिन मागे, दारं दोन, दोन्ही हवेच्या दाबावर उघडणारी आणि दोन्हींची बटणं ड्रायव्हरच्या हाताशी. शहरात चौकाचौकात थांबून ती कंटाळली असावी; हायवेला लागली की सूड उगवल्यासारखी पळायची. आवाज असा, की वाटेतल्या जाम गावाच्या चौकात चहा पिणाऱ्याला ती दिसायच्या आधीच कप खाली ठेवायला वेळ मिळे.

या आवाजावर माणसं खुळावलेली होती. रोज अपडाउन करणारे मास्तर, कारकून, तहसीलचे लोक. आधी डिझेल बस रिकामी आली तरी चढायचे नाहीत, गॅसवालीची वाट बघत उन्हात उभे राहायचे. बँकेतला एक पन्नाशीचा कारकून त्यांचा पुढारी. रोज सकाळी इंजिनच्या झाकणाला मोबाइल लावून तो आवाज टिपायचा आणि त्यांच्या ग्रुपवर टाकायचा. नुसतं ऐकून गिअर कोणता, चढ कुठला, गाडी भरलेली की मोकळी, हे ओळखायचं. ओळखणाऱ्याला बाकीचे चहा पाजत. "आज दुसऱ्या गिअरले खरखर हाय, उस्ताद," असं कारकून ड्रायव्हरला सांगायचा आणि ड्रायव्हर गंभीरपणे मान हलवायचा.

हे वेड नुसतं कानापुरतं नव्हतं. नागपूरकडून येणाऱ्या एका डिझेल बसचेही असेच भक्त होते. कोणाची गाडी आधी पोचते यावरून जामच्या चौकात एकदा जुंपली. चपला चालल्या, छत्र्या चालल्या, एकानं जॅकचा दांडा काढला. मी हिंगणघाटला एका खाजगी दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते, वीसेक वर्षं झाली. त्या दिवशी आमच्याकडे एक फुटलेलं नाक, एक अर्धा फाटलेला कान आणि स्वतःचे दात रुमालात बांधून आणलेला एक मास्तर आला. डॉक्टरांनी विचारलं, भांडण कशावरून? मास्तर बोळक्या तोंडानं म्हणाला, "थे म्हने का आपल्या गाडीचा आवाज फुटक्या पिंपावानी हाय." डॉक्टरांनी सुईत दोरा ओवला.

मलाही ती गाडी आवडायची. एक तर ती वेळेत पोचवायची. दुसरं कारण, मागचं बाकडं. ते इंजिनच्या बरोबर वर होतं. खालून भाजायचं, दात कडकडायचे, उतरल्यावरही कानात गरगर चालू राहायची. आवाजाचे हे एवढे भक्त, पण बसायला पुढे जायचे, कारण त्यांना वेगाचा काटा बघायचा असायचा. त्यामुळे मागचं बाकडं आम्हा बायकांचं झालं. आणि तिथं जे बोललं जाई, ते पुढच्या बाकड्यालासुद्धा ऐकू जात नसे. बाईनं बाईच्या कानाशी तोंड न्यायचं आणि ओरडायचं. घरात, मोरीत, विहिरीवर, दवाखान्यात, कुठेच इतक्या मोठ्यानं खरं बोलता येत नाही. तिथं यायचं.

आम्ही ठरलेल्या तिघी. मी, एक भाजीवाली मावशी आणि सूतगिरणीत कामाला जाणारी एक तिशीची बाई, जी जामच्या अलीकडच्या एका खेड्यातून चढायची. मावशी टोपली पायाशी ठेवून, तराजू आणि लोखंडी वजनं मांडीवर घेऊन बसायची.

गिरणीवाली पहिले काही महिने काही बोलली नाही. मग एक दिवस तिनं माझ्या कानात ओरडून सांगितलं, "काल वायरनं मारलं, ताई!"

"कायले?" मावशी ओरडली.

"वरण थंडं होतं म्हने!"

"कुठं मारलं?" मी विचारलं.

"पाठीवर!"

मावशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीचा भाव सांगते त्याच सुरात ती हे सांगत होती. चढावर गाडी जास्त गरजायची, तेव्हा तीही जास्त मोठ्यानं सांगायची. कधी पट्टा, कधी वायर, एकदा विळ्याची मूठ. नवरा घरच्या शेतात राबायचा, आणि गिरणीत जाते म्हणून हिच्यावर संशय घ्यायचा. पगार मात्र हातात घ्यायचा. मला सल्ले द्यायची सवय नाही. मी मलम दिलं, वळांचे फोटो काढून ठेव म्हटलं, आणि हिंगणघाटात सख्खी बहीण आहे तर तिच्याकडे जा म्हटलं. ती हो म्हणायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. असं वर्षभर चाललं. एकदा मावशी चिडून म्हणाली, "तू सांगतं कायले मंग आमाले? मज्जा वाटते काय आयकाले?" त्यावर ती आठवडाभर दाराशी उभ्यानं गेली.

मग एका सकाळी ती कापडी पिशवी घेऊन चढली. डब्याच्या पिशवीपेक्षा मोठी. बसली आणि ओरडली, "आज परत जात नाई मी."

"पक्कं?" मावशीनं विचारलं.

"पक्कं. बहिनीले फोन केला."

म्हणजे एवढंच व्हायला हवं होतं, की गाडीनं तिला हिंगणघाटला उतरवावं.

जामला गाडी थांबली. नागपूरकडून आलेली ती डिझेल बस शेजारीच उभी होती आणि तिचा ड्रायव्हर निघायच्या बेतात होता. आमच्या पुढच्या मंडळींनी ते पाहिलं. "निकाल उस्ताद, निकाल!" असा गिल्ला झाला. दार लागता लागता एक माणूस पुढून आत घुसला. मोटारसायकल त्यानं चौकातच टाकली होती. ती आडवी पडलेली मला मागच्या काचेतून दिसली. गिरणीवालीनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली, तेव्हा मला कळलं हा कोण.

तो गर्दीतून शांतपणे मागे आला. पिशवीकडे बघितलं.

"चाल खाली."

"नाई येत."

"तुले सांगून राह्यलो नं, चाल!"

"नाई येत म्हटलं नं!"

त्यानं तिच्या तोंडावर मूठ मारली. चापट नव्हे, मूठ. ओठ दातावर फाटला. मग केस धरून तिचं डोकं उभ्या लोखंडी दांड्यावर आपटलं. ती किंचाळली. पुन्हा किंचाळली. मी जखमा पाहणारी बाई आहे, जखम होताना फारशी पाहिलेली नाही. रक्त अंगावर उडेपर्यंत मी बसूनच होते.

पुढे कोणी वळून बघितलं नाही. गॅसवाली हायवेला लागली होती, डिझेल बस शेजारून धावत होती, आणि सगळे पुरुष पुढे काचेशी दाटी करून "खींच! खींच!" ओरडत होते. उभ्या माणसांच्या पाठींची भिंत झाली होती. आमच्या इंजिननं वर्षभर तिचं गुपित राखलं, ते आताही राखत होतं.

नवऱ्यानं तिला केसांनी ओढत मागच्या दारापाशी नेलं आणि घंटीचं बटण दाबलं. दाबूनच धरलं. शर्यतीत ड्रायव्हर कोणाची घंटी ऐकायचा नाही, हे आम्हाला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. मग त्यानं दाराला लाथा घातल्या. दार हललं नाही. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली.

मी उठले आणि स्टीलचा डबा त्याच्या कानशिलावर मारला. चार पुडांचा, भरलेला. त्यानं मला छातीत ठोसा दिला, मी बाकड्यावर पडले. मावशी मात्र बसल्या बसल्याच लोखंडी वजन घेऊन त्याच्या गुडघ्यावर हाणत होती. "सोड! सोड तिले, मुडद्या!" ती सुपारी फोडावी तशी मन लावून हाणत होती.

तेवढ्यात तिकीट काढत कंडक्टर मागे आला. तो थबकला.

"काय चालू हाय हे? कोन हाय हा?"

"नवरा हाय मी तिचा!" तो म्हणाला.

कंडक्टरचा चेहरा एकदम सैल पडला. "मंग घरचं भांडन घरी करा ना बाप्पा. उतरा दोघंही खाली. गाडीत नाई चालत हे." आणि त्यानं थांबायची खूण करायला शिट्टी तोंडाकडे नेली.

मी शिट्टीची दोरी धरून ओढली. त्याची मान खाली आली, तसं त्याच्या कानात ओरडले, "इथं उतरवली तर हा तिले कापसाच्या पराटीत नेऊन मारते. मंग पोलीस तुमालेच विचारतीन कुठं उतरवली म्हनून. दार उघडू नका. गाडी सरळ ठाण्यावर न्या म्हना."

"ताई, मधी दोन थांबे हायेत. लोक उभे राह्यतात."

"राहू द्या उभे."

"मालक बोंबलन माह्यावर."

मावशीनं वजन त्याच्याकडे उगारलं. "जातं का घालू टकुऱ्यात?"

तो गेला. पाठींच्या भिंतीत घुसला आणि दिसेनासा झाला. नवऱ्याला ठाणं एवढा शब्द ऐकू आला असावा. त्यानं तिला सोडलं नाहीच, उलट गळा धरला. तिचा चेहरा काळवंडला. मी त्याची बोटं एकेक करून उलटी वाकवायला लागले. करंगळीपासून सुरुवात केली. मावशी उठली आणि पूर्ण ताकदीनं त्याच्या मनगटावर वजन घातलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं नाही, पण हात कसा लोंबला ते दिसलं. तो ओरडत मागे सरकला, आणि बाहेर निघायला दुसरी वाट नाही हे बघून त्यानं कोपरानं खिडकीची काच फोडली.

त्या आवाजानं गाडीतले सगळे मागे वळले.

"काच! काच फोडली बे!"

पुरुष धावत आले. बँकेचा कारकून सगळ्यांच्या पुढे. बाई रक्तानं माखून दाराच्या पायरीवर बसली होती. त्यातल्या दोघांनी तिला ओलांडून नवऱ्याला धरलं. "गाडीची काच फोडतं काय? तुह्या बापाची हाय काय गाडी?" म्हणत त्याला आडवा पाडला. नंतर तिच्याकडे लक्ष गेलं, तेव्हा लाजेनं की कशानं, आणखी जोरात मारू लागले. कोणी बुटानं, कोणी कोपरानं. मास्तर लोकांना इतकं निगुतीनं मारता येतं, हे मला माहीत नव्हतं. तो निपचित पडायला लागला, तेव्हा मीच ओरडले, "बस करा. मेला तर तुमीच आत जासान." मग थांबले. धापा टाकत एकमेकांकडे बघत राहिले. कारकुनाचा चष्मा फुटला होता.

गॅसवाली इतकी कधी पळाली नसेल. ड्रायव्हरनं दोन्ही थांबे सोडले. हात वर करून उभी असलेली माणसं खिडकीतून सर्रकन मागे गेली. डिझेल बस केव्हाच मागे पडली होती आणि तिकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. मी गिरणीवालीचं डोकं मांडीवर घेऊन ओठ रुमालानं दाबून धरला होता. खालून इंजिनची धग येत होती. खरं सांगते, त्या वेळी त्या वेगानं मला बरं वाटलं.

गाडी ठाण्याच्या फाटकातच उभी केली. ड्रायव्हरनं आधी पुढचं दार उघडलं, नवऱ्याला तिथून खाली नेलं, मग आमचं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. तिनं मोबाइलमधले वळांचे फोटो दाखवले. एक फोटो बघून महिला शिपाई म्हणाली, "हे कशाचं?" ती म्हणाली, "विळ्याची मूठ." ओठ सुजल्यामुळे तिला दोनदा सांगावं लागलं, आणि या वेळी ते हळू आवाजात सांगावं लागलं. तिथं इंजिन नव्हतं. तरी तिनं सांगितलं.

कारकून बाहेर पायरीवर बसला होता. मी गेले तशी उठून उभा राहिला. "ताई, देवाशपथ, आवाज आला होता आमाले. दोनदा आला. मी सगळ्यांले म्हटलं, इंजिनचा बेल्ट सरकून राह्यला. सगळेच हाव म्हनले."

"बेल्ट," मी म्हटलं.

"तसाच येते बेल्टचा आवाज. बारीक, वर चढत जानारा." तो हातानं वर चढून दाखवायला लागला आणि मध्येच थांबला. मला दवाखान्यात उशीर होत होता. मी त्याला सांगितलं, चष्म्याची काच गालात गेली आहे, चोळू नका, माझ्याबरोबर चला.

दवाखान्यात तिच्या ओठाला आणि कपाळाला टाके पडले. बहीण येऊन तिला घेऊन गेली. टाके काढायला ती आली तेव्हा बहिणीच्या घरून चालत आली होती. गिरणी तिथून जवळ पडते म्हणाली. मी तिला खुर्चीवर बसवलं, चिमटा उकळून घेतला आणि विचारलं, "कोणी आलतं काय?"

"सासू आलती काल. म्हने, त्याचा हात पलस्तरात हाय. वखर कोन चालवन, कापूस कोन येचन, घरात भाकर टाकाले कोन नाई. म्हने, झालं गेलं इसर, चाल."

"मग?"

"म्हटलं, मजूर लावा."

आणि ती हसली. ओठ ताणला गेला, टाक्यापाशी रक्ताचा थेंब आला. मी म्हटलं हसू नको, अजून काढायचे आहेत, आणि तिची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली.