खाप्याचे चष्मे आणि प्रेमिला नगराळे

प्रेमिला नगराळेला मी पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना. खरं सांगायचं तर त्यानंतरही बहुतेक वेळा तसंच पाहिलं. पण तिचं भांडण आपल्यासारखं नव्हे हो. आवाज चढवायची नाही. खुर्चीत मागे टेकायची, दोन्ही हात मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "नाही जमत." समोरचा ओरडून ओरडून दमला, पाणी पिऊन आला, की पुन्हा तेच.

तेव्हा मी नागपुरात, गांधीबागेत एका चष्म्याच्या कारखान्यात काच घासत होतो. कारखाना म्हटलं म्हणून फार मोठं काही समजू नका. घासायची दोन चाकं, पाण्याची एक बादली आणि आम्ही तिघं जण. माझी शाळा गावातली, चौथीपर्यंतची. इंग्रजी म्हणाल तर प्लस आणि मायनस एवढंच. पण तेवढ्यावर माझा संसार झाला, आणि झकास झाला.

प्रेमिला महाल भागात दत्तोपंत नावाच्या गृहस्थांच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालवायची; लोकांच्या याद्या, हिशोब तिथे छापून मिळायचे. सत्याऐंशी साल असावं. लोक कॉम्प्युटर पाहायला यायचे तेव्हा. चपला बाहेर काढायच्या, कारण आत एसी. मे महिन्यात तर अर्ध्या महालाला त्या खोलीत काही ना काही काम निघायचं. एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले होते, मशीनला दाखवा म्हणाले. प्रेमिलाने त्यांना नीट बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "काका, हे मशीन आपण जे सांगतो तेच परत सांगते. तुमच्या घरी असे लोक असतीलच." गृहस्थ हसत हसत गेले. मुलीचं पुढे चांगलं झालं, पण ती गोष्ट वेगळी.

नंदनवन वस्तीत घर, आई बरोबर, वडील वारलेले. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. छप्पन साली तिच्या आईवडिलांनी इथेच दीक्षा घेतली. तेव्हा प्रेमिला जन्मलीही नव्हती, पण आईच्या तोंडून ऐकून ऐकून ती त्या दिवसाचं वर्णन असं करायची की वाटावं, ही स्वतःच तिथे उभी होती.

तर त्या वर्षी एका ट्रस्टने नागपूरजवळ खापा गावी मोतीबिंदूचं शिबिर घेतलं. खाप्याच्या आणि कन्हान नदीकाठच्या गावांतल्या कितीतरी म्हाताऱ्यांचे डोळे कापले. पुढे डोळा बरा झाला की नंबर काढतात आणि मग जाड काचेचा चष्मा. आता कॅम्पातली रीत अशी, की सगळ्यांना सरसकट प्लस दहा नंबरचा चष्मा द्यायचा. पण या शिबिराच्या चारुशीला डॉक्टरीणबाई कडक. प्रत्येकाला समोर बसवून दोन्ही डोळ्यांचा वेगळा नंबर काढला त्यांनी. मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा दत्तोपंतांकडे देऊन त्या चांद्याकडच्या शिबिराला निघून गेल्या. संक्रांतीपर्यंत येणार नव्हत्या. चिठ्ठ्यांवरचं सगळं प्रेमिलाने मशीनमध्ये भरायचं, त्याची छापील यादी आमच्याकडे यायची आणि आम्ही काचा घासायच्या, असं ठरलेलं.

त्या चिठ्ठ्यांत प्रेमिलाच्या आत्याचीही चिठ्ठी होती. तुळसाबाई. खाप्याला हातमागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात जन्म गेलेला. ऑपरेशन झाल्यापासून दर बाजाराला कोणाबरोबर तरी निरोप पाठवायची, की पोरी, चष्म्याचं काय झालं, मी काय मेल्यावर घालू का. प्रेमिला उलटा निरोप धाडायची, धीर धर, आमच्या साहेबांचा आवाज तू ऐकला नाहीस, छप्पर उडतं.

नंबर भरून झाले. प्रिंटरची रिबन संपली होती, मुंबईहून यायची होती. प्रेमिला म्हणाली, तोवर फ्लॉपीवर नक्कल करून ठेवू. दत्तोपंत म्हणाले, नव्या मशीनवर एवढा अविश्वास कशाला? आणि कागदाचं राज्य संपलं, असं जाहीर करून चिठ्ठ्या त्यांनी रद्दीत घातल्या. माणूस वाईट नव्हता. उत्साही होता, तेवढंच.

आणि मग आला दसरा. प्रेमिला दर दसऱ्याला आईबरोबर दीक्षाभूमीवर जायची, तशी गेली. इकडे ऑफिसात मशीनची पूजा. मीही गेलो होतो, पेढे चांगले असायचे. दत्तोपंतांनी चौरंग मांडला, भोवती रांगोळी, झेंडूच्या माळा. मशीन टेबलावरून चौरंगावर आणायचं. कोणीतरी म्हणालं, आधी बंद करू या का? दत्तोपंत म्हणाले, बंद मशीनची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाचा सत्कार. पडद्यावर दिवे दिसले पाहिजेत. तेव्हा वायरींसकट, चालू मशीन चौघांनी उचललं. चौरंगाच्या कडेला जरासं टेकलं. खूप नाही, ठक्क, एवढंच. आम्ही आरती म्हटली, नारळ फोडला, पेढे खाल्ले.

मला नंतर दत्तोपंतांच्या पुतण्याने, मार्तंडने समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. त्या मशीनच्या पोटात हार्ड डिस्क असते. तिच्यात गरगर फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर, केसाहूनही कमी अंतरावर, एक टोक तरंगत असतं. तेच वाचतं, तेच लिहितं. मशीन हलवायचं तर ते टोक आधी कडेला नेऊन ठेवावं लागतं. प्रेमिला रोज संध्याकाळी ते करून मगच घरी जायची. आम्ही ते टोक भर पूजेत तबकडीवर आपटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मशीन सुरू केलं तर आतून आवाज आला. जात्यात खडा यावा तसा. पडद्यावर आलं, डिस्क वाचता येत नाही. दत्तोपंतांनी आधी मशीनला, मग विजेला, मग प्रेमिलाला दोष दिला, की तू नेमकी सुट्टीवर गेलीस.

ती म्हणाली, "मी असती तर उचलू देली नसती."

रद्दीवाल्याकडे पळालो आम्ही. गठ्ठा फुटाणेवाल्याने उचललेला. इतवारीपर्यंत शोधत गेलो आणि मिळालं काय, तर फुटाण्यांचा एक पुडा. त्यावर अक्षर डॉक्टरीणबाईंचं, उजवा डोळा साडेदहा. नाव जिथे होतं तिथलं टोक दुमडून फाटलेलं. फुटाणे मात्र खारे होते, गरम होते. खाल्ले. टाकायचे थोडेच.

दिवाळीनंतर खाप्याला चष्मेवाटपाचा कार्यक्रम ठरलेला. ट्रस्टच्या निमंत्रणपत्रिका छापून झालेल्या. लोकांची नावं ट्रस्टकडे होती, नंबर कुठेच नव्हते. दत्तोपंतांनी दोन दिवस डोकं धरून काढले आणि मग त्यांना उपाय सुचला. सगळ्यांना दहा. सगळीकडे देतातच. काही तर दिसेल ना म्हाताऱ्यांना.

आता दहा म्हणजे काय, हे मी काच घासणारा सांगतो. ज्याला बारा पाहिजे त्याला दहा दिला, तर त्याला दिसतं, पण पोरगं कोण आणि बकरी कोण, हे जवळ आल्यावरच कळतं. असाच एक म्हातारा मी पाहिला होता. पायरी नव्हती तिथे पाय उचलायचा आणि होती तिथे उचलायचा नाही. शेवटी चष्मा खिशात ठेवून हिंडू लागला. हे मी दत्तोपंतांना सांगितलं. ते म्हणाले, नत्थू, तू काच पाहा.

प्रेमिलाला त्यांनी ट्रस्टची नावं दिली आणि प्रत्येकापुढे दहा टाकायला सांगितलं. ती मागे टेकली. हात मांडीवर.

"साहेब, हे दहा मी टाइप करणार नाही."

"मग दुसरी कोणी करेल. टायपिस्ट पुष्कळ आहेत नागपुरात."

"करू द्या. मी खाप्याले जाऊन उभी राहीन आणि सांगीन, का हे नंबर कोणाचेच नाहीत."

मला वाटलं, गेली हिची नोकरी. तिलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने पाण्याची बाटली आणि छत्री पिशवीत भरून ठेवली. पण खुर्चीवरून उठली नाही. म्हणाली, नंबर डिस्कवर आहेत. वाचता येत नाहीत म्हणजे नाहीत असं होत नाही. दिवाळीपर्यंत मला काढून पाहू द्या, मग मला कामावरून काढायचं तर काढा.

दत्तोपंतांचा तो पुतण्या मार्तंड इंजिनीअरिंगला होता, दिवाळीसाठी घरी आलेला. त्याने कॉलेजातल्या मित्राकडून एक फ्लॉपी आणली. त्यात बिघडलेल्या डिस्कमधून मजकूर बाहेर काढायचा प्रोग्राम होता. माहितीपुस्तक नव्हतं. मार्तंड म्हणाला, घालू आणि चालवू. प्रेमिला म्हणाली, आधी खोट्यावर करून पाहू.

तिने एका चांगल्या फ्लॉपीवर भाजीची यादी टाइप केली. वांगी, भेंडी, बटाटे, चवळी, अशी लांबलचक. मग ती मुद्दाम पुसली आणि तो प्रोग्राम त्याच फ्लॉपीवर बसवला. भाजी परत आली! वांगी आली, भेंडी आली, चवळी आली. बटाट्यांच्या जागी मात्र कसलीतरी इंग्रजी चिन्हं.

मार्तंड आधी हसला. मग हसायचा थांबला. शोधायला म्हणून जो प्रोग्राम आत घुसला होता, तोच बटाट्यांच्या जागेवर जाऊन बसला होता. दोघांनी मिळून तिथेच ठरवलं की प्रोग्राम चालेल तो त्याच्या फ्लॉपीवरून, निघालेला मजकूर जाईल दुसऱ्या फ्लॉपीवर, आणि आजारी डिस्कवर आपण एक अक्षरही लिहायचं नाही.

खरं काम सुरू केलं त्या सकाळी दत्तोपंत मागे उभे, मीही उभा. प्रोग्रामने पहिलाच प्रश्न विचारला, मला मोठ्या डिस्कवर बसवू का, हो की नाही. दत्तोपंत म्हणाले, तो बिचारा स्वतः विचारतोय, बसू दे की, काम लवकर होईल. आणि खांद्यावरून हात घालून हो दाबायला निघाले.

प्रेमिलाने अख्खा पंजा कीबोर्डवर ठेवला. मशीन टीं टीं ओरडू लागलं, पडद्यावर अक्षरांची नुसती जत्रा. तिने हात काढला नाही.

"प्रेमिला, मशीन कोणाचं आहे?"

"तुमचं. डोळे खाप्याचे आहेत."

"काका," मार्तंड म्हणाला, "तुम्ही चहाचं सांगा ना जरा."

दत्तोपंत चहाचं सांगायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. प्रेमिलाने पडदा साफ केला, नाही दाबलं आणि प्रोग्राम फ्लॉपीवरूनच चालू केला.

मग काय सांगू, त्या डिस्कची काय काय मनधरणी चालली होती! प्रोग्राम एकाच जागी टोक नेई, वाचता आलं नाही की परत नेई, परत नेई. आतून करकर. मधूनच वीज जायची, मग पहिल्यापासून. मशीनचं झाकण काढून टेबलफॅन लावला होता. दोन ओळी निघाल्या की प्रेमिला ट्रस्टच्या नावांशी जुळवून पाहायची. कुठे नाव अर्धं, कुठे डावा डोळा आला आणि उजवा गेलेला. एक साडेनऊ आला, त्याला नावच नव्हतं. दत्तोपंत तोवर पुन्हा मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, ज्याचा सापडत नाही त्याला देऊन टाक की हा. तिने मान हलवली. दोन दिवसांनी ते स्वतःच चष्मा नाकावर घेऊन नावं जुळवायला बसले आणि अर्धं नाव पूर्ण ओळखलं की टाळी मागू लागले. सांगितलं ना, उत्साही माणूस.

बहुतेक सगळे नंबर निघाले. टोक आपटलं होतं तिथलं मात्र गेलं ते गेलंच. त्यातली मोजकीच माणसं, आणि त्यांत तुळसाबाई.

दत्तोपंत हळूच म्हणाले, "अगं, निदान आत्याला तरी दहा दे. घरची आहे, समजून घेईल."

"घरची आहे म्हणूनच नाही देत."

त्या नावांपुढे तिने टाइप केलं, पुन्हा तपासणी. रिबन आली, यादी छापली आणि आमची चाकं फिरायला लागली. त्या दिवाळीत घरी चकल्या कधी झाल्या आणि कधी संपल्या, मला माहीत नाही.

खाप्याला नगरपालिकेच्या शाळेत मांडव घातला होता. फ्रेमचे स्क्रू घट्ट करायला मी पेचकस घेऊन हजर. म्हातारे एकेक करून चष्मा घालत होते आणि मांडवात नुसता गलका. बायजाबाई नावाची एक म्हातारी नवऱ्याकडे पाहून म्हणाली, आवं, तुमचे दात कधी पडले? लोक हसून हसून लोळले.

तुळसाबाईचं नाव आलंच नाही. ती उठली, काठी आपटत पुढे आली.

"सगळ्यायले देल्ला. मले काहून नाही वं पोरी?"

प्रेमिलाने माईक बाजूला केला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलली. "आत्या, तुझा नंबर मशीनमधून निघाला नाही. आणखी काही लोकांचाही नाही निघाला. अंदाजानं देला असता, पण तो तुझा नसता. डॉक्टरीणबाई येतील तेव्हा पुन्हा तपासतील."

"मशीन खराब कोणं केली?"

पाहुण्यांच्या रांगेत दत्तोपंत बसले होते, पांढराशुभ्र शर्ट, छातीवर ट्रस्टचं फूल. मला वाटलं, आता हे शेजारच्याशी बोलायला लागतील. पण ते उभे राहिले.

"मी केली, बाई. पूजेसाठी उचलली."

तुळसाबाईने आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "पावली का मंग?"

मांडव कोसळतो की काय, इतके लोक हसले. दत्तोपंतही हसले, पण उशिरा. आणि डॉक्टरीणबाई येईपर्यंत त्या राहिलेल्या माणसांची, त्यांना जायचं असेल तिथे, मोटारीने ने-आण मी करीन, असं तिथेच माईकवर कबूल करून बसले.

संक्रांतीला बाई आल्या. तुळसाबाईचा उजवा निघाला साडेबारा आणि डावा साडेअकरा. कुठे दहा आणि कुठे हे! त्या काचा मी स्वतः घासल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. दत्तोपंतांच्या मोटारीत बसून आम्ही तिघं खाप्याला गेलो. अंगणात बाज टाकली होती. प्रेमिलाने आत्याच्या कानांवर काड्या बसवल्या.

तुळसाबाईने भाचीकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, कुडावर वाळणाऱ्या सुताकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तो मशीन उचलणारा आला काय? त्याले पाहू दे."

दत्तोपंत पुढे झाले आणि फोटो काढायला उभं राहावं तसे सरळ उभे राहिले. उंची बेताची, टक्कल, घाम आलेला. तुळसाबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत निवांत पाहून घेतलं.

"एवढासाच हाय," ती प्रेमिलाला म्हणाली. "आन् तू मले याच्या आवाजाचं भेव दाखवून राहिली होती."