हरणाऱ्याची वही

हरलेल्यांच्या बाजूने भाषण करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पत्रकं वाटता वाटताच मोठा झालो, त्यामुळे भाषणांना तोटा नव्हता. पण हरलेल्याच्या हाती खरोखर सत्ता देणारा माणूस साऱ्या गोंदिया जिल्ह्यात मला एकच भेटला, आणि तो फुलचूरला कॅरमची पावडर विकत होता. नात्याने ते माझ्या वहिनीचे मामा. गिऱ्हाइकांसकट सगळ्यांचे मामाजी.

त्यांच्या खेळांच्या छोट्याशा दुकानात दर रविवारी सतरंज्या अंथरल्या जात आणि येईल त्याने बसून खेळावं अशी व्यवस्था असे. खेळाचा डबा विकत घ्यायला आलेल्यालाही मामाजी आधी खाली बसवत. "पयले हरून पाहा जी, मंग न्या," म्हणत. जिंकणाऱ्याला काही मिळत नसे. जो शेवटचा येईल त्याच्यापुढे लाल बांधणीची एक वही सरकवली जाई, आणि त्याने त्यात त्या खेळाचा एक नवा नियम लिहायचा. लिहिला की लिहिला. तो मोडायचा अधिकार खुद्द मामाजींनाही नव्हता. "जितला त्याले नियम चांगलेच वाटतेत. हरला त्याले इचारा," हे त्यांचं म्हणणं. ऐकून मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं होतं.

हा विचार पत्रकात छान दिसतो. सतरंजीवर त्याचं काय होतं ते पाहायला हवं. देवरीकडच्या एका वनमजुराने सापशिडीत हरल्यावर लिहिलं, की साप विनाकारण चावत नाही; पहिल्या दोन वेळा तो फक्त फुत्कारेल. तेव्हापासून कुठला साप कितव्यांदा फुत्कारला यावर अर्धा दिवस जातो. एका निवृत्त गुरुजींनी बुद्धिबळात मात खाल्ली आणि प्याद्यांना रविवारची सुट्टी दिली. खेळ फक्त रविवारीच होत असल्यामुळे तिथलं प्यादं त्यानंतर जागचं हललेलं नाही. घोडे तेवढे उड्या मारतात, राजे-वजीर घरात कोंडून बसतात. मामाजी हे सगळं डोळे मिटून, संगीत ऐकावं तसं ऐकत. स्वतः मात्र कधी खेळत नसत. "घरच्यानं पाहुण्याच्या आंधी पंगतीत बसू नाई," म्हणत.

मग त्यांच्या लेकीने त्यांना कायमचं रायपूरला न्यायचं ठरवलं. दुकान पुतण्याकडे जाणार होतं, आणि पुतण्याला तिथे मोबाइलची कव्हरं विकायची होती. शेवटच्या रविवारी तो टेप घेऊन भिंतीच मोजत होता. "काकाजी, मैं नियम से चलूंगा," तो म्हणाला. "किताब में लिखा है तो मान्य. लेकिन संडे चालू रखो, ऐसा कहीं लिखा नहीं."

मामाजी मालक होते. एका शब्दाने काम झालं असतं. पण न हरता नियम सांगायचा कसा? ते जन्मात पहिल्यांदा सतरंजीवर बसले आणि लुडो मांडला. ते हरायला बसले होते, आणि हे त्यांच्यासमोर खेळायला बसलेल्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

गुरुजी आणि दर रविवारी केशोरीहून बसने येणाऱ्या एक बाई, या दोघांनी डोळ्यांनीच ठरवून टाकलं: निरोपाचा डाव मामाजींनी जिंकायचा. मामाजींना चार पडले.

"सहा!" बाई ओरडल्या.

"चार हायेत जी! काऊन सहा म्हणून राहिल्या?"

"चष्मा बदला मामाजी. सहाच हायेत."

गुरुजींनीही सहा मोजून दाखवले. मामाजींची सोंगटी कोणी मारेना. "मारा ना मले! कायले दया करून राहिले?" मामाजी कळवळले, दोघांना तो विनय वाटला. एकटा मी, चाराला चारच म्हणायचं या तत्त्वावर, साऱ्या सतरंजीशी भांडत राहिलो, आणि भांडता भांडता माझीच पाळी कितीदा तरी चुकली. मामाजी पहिले आले. टाळ्या झाल्या. मी शेवटचा.

वही माझ्यापुढे आली. मामाजींनी खिशातलं पेन दिलं. त्याचं टोपण त्यांनी डाव सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवलं होतं. सदऱ्याचा सगळा खिसा शाईने निळा झाला होता. तो डाग पाहिला आणि मला कळलं.

"मामाजी, काय लिहू?"

"मले नोको इचारू. मी जितलो."

मी लिहिलं: पुढच्या रविवारी नवा लुडो मांडावा. त्यात मामाजींची एक पिवळी सोंगटी असावी, आणि ती घरी पोचेपर्यंत रविवारचा खेळ बंद करू नये.

पुतण्याने ते तीनदा वाचलं आणि टेप गुंडाळली.

आता एका भिंतीवर कव्हरं लटकतात आणि खाली सतरंजी असते. मामाजी फासा रायपूरला टाकतात. सोंगटी बाहेर काढायला सहा पडावे लागतात. त्यांची पाळी आली की पुतण्याच फोन लावतो.

"काकाजी, क्या आया?"

"एक."

"फिर से एक?"

"एकच पडला जी. काय करू?"

"चष्मा बदला मामाजी!" बाई फोनच्या दिशेने ओरडतात, आणि पलीकडून हसण्याचा आवाज येतो, जरा जास्तच वेळ. कितीतरी रविवार गेले, सहा काही पडत नाहीत. चारासाठी साऱ्या सतरंजीशी भांडलेला मी, या एकाबद्दल अजून एक अक्षर बोललेलो नाही. पिवळ्या सोंगटीवर धूळ बसते तेवढी पुसतो आणि ती होती तिथेच ठेवतो.