चारुताताईंचा सतरावा क्रमांक

चारुता निमकर यांचा परिचय लेखिकेला नेदरलँड्समधील आल्मेरे शहराच्या वाचनालयात झाला. तेथे दर बुधवारी प्रौढांचा अक्षरवर्ग भरे आणि चारुताताई तो विनामूल्य चालवीत. नवऱ्यामागे या देशात आल्या, तेव्हा त्यांना स्वतःलाही डच भाषेचा गंध नव्हता. पुढे ती शिकून त्यांनी घरीच मुले सांभाळण्याचा व्यवसाय उभा केला. नगरपालिका वर्ग बंद करणार असे कळताच त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. वर्ग वाचवायचा, एवढाच त्यांचा हेतू होता.

येथील मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाची नावांची लांबलचक यादी असते. मतदाराने त्यातील एकाच नावापुढचे वर्तुळ लाल पेन्सिलीने रंगवायचे. यादीत खाली असलेल्या उमेदवाराला स्वतःच्या नावावर भरपूर मते पडली, तरच तो वरच्यांना ओलांडून निवडून येतो. आपल्या पक्षाच्या यादीत चारुताताई सतराव्या होत्या.

गावातील मराठी मंडळाच्या शिवजयंतीला त्यांची ओळख करून देण्याचा मान ज्येष्ठ सभासद बाळासाहेबांकडे आला. त्यांनी ताईंच्या माहेरापासून आरंभ केला. रांगोळी झाली, पुरणपोळ्या झाल्या, सासूबाईंची सेवा झाली.

"बाळासाहेब, निवडणूक आहे की स्थळ सांगताय?" मागून पुष्कर ओरडला.

"गप रे! आत्ताशी लग्नापर्यंत आलोय."

सभागृह हसले. ताईही हसल्या, पण त्यांचे लक्ष माइककडे होते. अखेरीस बाळासाहेब म्हणाले, "तेव्हा मंडळी, मत आपल्या चारुताच्याच पक्षाला!" टाळ्या पडल्या. ताई बोलायला उठल्या, तोच स्वयंपाकघरातून नीलिमाने हाक दिली, "भजी गार होतायत हं!" खुर्च्या सरकल्या. आता लोकांना कशाला अडवायचे, असे वाटून ताई पुन्हा बसल्या.

मतदानाच्या संध्याकाळी नीलिमाचाच फोन आला.

"चारुताताई, दिलं हं मत! आम्ही सगळ्यांनी पहिलंच वर्तुळ लाल केलं."

"पहिलं? अगं, माझं नाव सतरावं."

"पण पक्ष तुझाच ना?"

भारतात चिन्ह पाहून मत देण्याची सवय. कोणाला दोष द्यावा? पक्षाची एक जागा वाढली. ती यादीत ताईंच्या वर असलेल्या एका गृहस्थांना मिळाली. उन्हाळ्यानंतर वर्ग पुन्हा भरला नाही. शिकणाऱ्या बायका आता वाटेत भेटल्या की पुस्तक कोणत्या पानावर राहिले ते ताईंना सांगतात.

बाळासाहेब एकदा त्यांच्या घरी आले. चहा तसाच ठेवून म्हणाले, "माझं बोलणं कमी पडलं का गं?"

"नाही हो काका, जास्त झालं," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तेच बाळासाहेबांना अधिक लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाच्या दारात, कोट काढून ठेवताना, ताईंनी त्यांना म्हटले होते, "काका, माझं कौतुक नको. सतराव्या नावापुढचं वर्तुळ रंगवा, एवढंच सांगा."